उशिरा चालणारा कोड भलत्याच वेळी का चालतो? टायमरच्या बगांचा माग कसा काढायचा

तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते. "पॉवरअप संपला तरी खेळाडूचा वेग कमी होत नाही, पण कधीकधीच." "बॉम्ब लावून शत्रू मेला की स्फोटच होत नाही." "सर्व्हर दोन तास चालला की शत्रू दुप्पट येऊ लागतात." विचारणाऱ्याचा संशय बहुधा टायमरवर किंवा गेम ज्यावर बांधला त्या इंजिनावर असतो. अशी बरीच स्क्रिप्ट मी तपासली आहेत आणि त्यात टायमर स्वतः चुकल्याचं क्वचितच आढळलं. तो सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळी करतो. पण लावल्यापासून वाजेपर्यंतच्या पाच सेकंदांत खेळाडू मरतो, सर्व्हर सोडून जातो, दुसरा पॉवरअप (थोड्या वेळापुरती ताकद देणारी वस्तू) उचलतो, लेव्हल बदलते. आपण कोड मात्र असा लिहिलेला असतो, जणू मधे काही घडणारच नाही.

म्हणून शोध सुरू करताना "टायमर कधी वाजला?" इथे थांबू नका. "वाजला तेव्हा समोर कोण होतं?" हे पण बघा.

सगळ्यात जास्त भेटणारा बग: दोन टायमर, एकच खेळाडू

खालचा कोड कुठल्याही एका इंजिनाचा नाही. नावं समजण्यापुरती मराठीत ठेवली आहेत, रचना मात्र रोब्लॉक्स, युनिटी, गोदो सगळीकडे हीच दिसते. "उशिरा" म्हणजे इतक्या सेकंदांनी पुढचं फंक्शन चालव.

```
फंक्शन वेग_वाढव(खेळाडू)
    स्थानिक जुना = खेळाडू.वेग
    खेळाडू.वेग = जुना * २
    उशिरा(५, फंक्शन()
        खेळाडू.वेग = जुना
    शेवट)
शेवट
```

वाचताना यात काही खटकत नाही. एकट्याने तपासलं तर दर वेळी बरोबर चालतं. आता खेळाडूने तीन सेकंदांनी दुसरा पॉवरअप उचलला असं धरा आणि लॉग बघा. मूळ वेग १६ आहे.

```
०.०  पहिला पॉवरअप: जुना १६, आता ३२
३.०  दुसरा पॉवरअप: जुना ३२, आता ६४
५.०  पहिला टायमर: वेग १६
८.०  दुसरा टायमर: वेग ३२
```

आठव्या सेकंदानंतर कुठलाच टायमर शिल्लक नाही आणि खेळाडू ३२ च्या वेगाने कायमचा पळतोय. मधल्या तीन सेकंदांत, म्हणजे ५ ते ८ मध्ये, दुसरा पॉवरअप चालू असूनही तो साध्या वेगाने चालला. एका चुकीतून दोन उलट तक्रारी निघाल्या. एक जण म्हणणार "वेग लवकर जातो", दुसरा म्हणणार "वेग जातच नाही", आणि दोघंही खरं बोलत असणार.

पहिली दुरुस्ती सोपी आहे: "जुना" वेग साठवायचाच नाही. मूळ वेग एका ठिकाणी पक्का ठेवा आणि टायमर वाजल्यावर तोच लावा. तात्पुरत्या अवस्थेतून घेतलेला आकडा परत लावण्याच्या सवयीने मी पाहिलेले निम्मे बग केले असतील. पारदर्शकता, रंग, गुरुत्वाकर्षण, कॅमेऱ्याचा कोन, सगळीकडे हीच गोष्ट.

एवढ्याने कायमचा वेग जाईल, पण लवकर संपणं राहील. पहिला टायमर पाचव्या सेकंदाला वाजून दुसऱ्या पॉवरअपवर पाणी फिरवेलच. त्याला "तू आता जुना झालास" हे कळायला हवं. मी यासाठी टोकन वापरतो. टोकन म्हणजे दर पॉवरअपला एकने वाढणारा साधा आकडा.

```
फंक्शन वेग_वाढव(खेळाडू)
    खेळाडू.वेग_टोकन = खेळाडू.वेग_टोकन + १
    स्थानिक माझं = खेळाडू.वेग_टोकन
    खेळाडू.वेग = मूळ_वेग * २
    उशिरा(५, फंक्शन()
        जर खेळाडू.वेग_टोकन != माझं तर परत
        खेळाडू.वेग = मूळ_वेग
    शेवट)
शेवट
```

पहिला टायमर वाजतो तेव्हा त्याच्याकडे १ असतो आणि खेळाडूवर २. तो मुकाट्याने परत जातो. दुसऱ्याचं टोकन जुळतं, म्हणून तो वेग उतरवतो. "स्थानिक" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लुआ भाषेत (रोब्लॉक्सची भाषा तिच्यावरच आधारलेली आहे) लोकल लिहायला विसरलात तर "माझं" ग्लोबल, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच होतं, सगळ्या टायमरना शेवटचाच आकडा दिसतो, आणि प्रत्येक टायमर स्वतःला ताजा समजतो. टोकन लावूनही बग गेला नाही असं कोणी सांगितलं की मी आधी हेच बघतो.

टोकनऐवजी "कधी संपेल" ही वेळ साठवणारे बरेच आहेत. टायमर वाजल्यावर आत्ताची वेळ त्यापेक्षा कमी असेल तर परत जायचं. कल्पना चांगली आहे, पण एक धोका आहे. टायमर एका घड्याळावर चालत असेल आणि तुम्ही तुलना दुसऱ्या घड्याळाशी करत असाल, तर शेवटचा टायमर केसभर लवकर वाजू शकतो. तो "अजून वेळ आहे" म्हणून परत जातो आणि त्याच्यानंतर वेग उतरवायला कोणीच उरत नाही. आकड्यांच्या टोकनात ही भानगड नाही. वेळ साठवायचीच असेल तर टायमर सोडून द्या आणि दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी बदलताना, एकदा तपासा. तेही उत्तम चालतं.

जुना टायमर रद्द करणं

टोकनाने जुना टायमर वाजतो, फक्त काही करत नाही. मुळात वाजूच द्यायचा नसेल तर रद्द करा. इथे प्रत्येक इंजिनाची वेगळी तऱ्हा आहे आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

रोब्लॉक्समध्ये टास्क.डिले (तिथलं "उशिरा") जो थ्रेड परत देतो तो जपून ठेवा आणि टास्क.कॅन्सलला द्या. जुने वेट, स्पॉन आणि डिले अजून कुठल्याकुठल्या ट्यूटोरियलमध्ये दिसतात, पण २०२१ मध्ये टास्क लायब्ररी आल्यापासून त्यांच्या वाटेला जायचं कारण उरलेलं नाही. जुना वेट साधारण ०.०३ सेकंदाच्या खाली जातच नाही आणि सर्व्हरवर भार आला की आणखी मागे पडतो.

युनिटीत उशिराचं काम बहुधा कोरूटीनमध्ये, म्हणजे मधे थांबून पुढे चालणाऱ्या फंक्शनमध्ये लिहितात. स्टार्टकोरूटीनने परत दिलेली वस्तू एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि स्टॉपकोरूटीनला तीच द्यायची. स्टॉपकोरूटीनच्या कंसात तेच फंक्शन पुन्हा कॉल करून लिहिलंत तर नवीनच एन्युमरेटर, म्हणजे त्या फंक्शनची वेगळीच प्रत तयार होते आणि चालू असलेला तसाच चालू राहतो. एररही येत नाही, म्हणून ही चूक फार दिवस लपून राहते.

गोदोत सीनट्रीच्या क्रिएट_टायमरने बनवलेल्या टायमरला थांबवायची सोयच नाही. रद्द करायची शक्यता असेल तर टायमर नोड वापरा. त्याला स्टॉप आहे, आणि पुन्हा स्टार्ट केला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. त्या नोडचा वन_शॉट ("एकदाच वाज") मुळात बंद असतो हेही ध्यानात ठेवा. एकदाच वाजायला हवा तो टायमर दर सेकंदाला वाजतोय, अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

अनरियलमध्ये सेटटायमर त्याच हँडलवर (टायमर ओळखायची खूण) पुन्हा केला की आधीचा आपोआप जातो. पण हँडल जर फंक्शनच्या आत स्थानिक ठेवलं असेल, तर दर वेळी नवीन हँडल, नवीन टायमर. हँडल क्लासच्या मेंबरमध्ये ठेवा. ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे अनरियलच्या चित्रमय स्क्रिप्टमध्ये, डिले नोड मोजणी चालू असताना आलेला दुसरा सिग्नल सोडून देतो, तर रिट्रिगरेबल डिले मोजणी नव्याने सुरू करतो. नावं सारखी वाटतात, वागणं उलट आहे. पॉवरअपला बहुधा दुसरा हवा असतो.

गॅरीज मॉडमध्ये टायमर.क्रिएटला नाव द्यावं लागतं आणि त्याच नावाने दुसरा केला की पहिल्याची जागा तो घेतो. एका खेळाडूसाठी हे आयतं वरदान आहे. पण सगळ्यांसाठी एकच नाव ठेवलंत तर दुसऱ्या खेळाडूने ढाल उचलताच पहिल्याचा टायमर पुसला जातो आणि त्याची ढाल कधीच उतरत नाही. नावाला खेळाडूची ओळख जोडा. कुठली ओळख जोडायची, यावर खाली लिहिलंय, कारण ते प्रकरण मोठं आहे.

टायमर वाजला, पण माणूस बदललेला होता

मी एका मल्टिप्लेअर सर्व्हरच्या स्क्रिप्टचं काम बघत होतो, जीटीए सॅन अँड्रियास या गेमच्या मल्टिप्लेअर मॉडवर, पॉन भाषेत. नियम असा होता की ठरावीक जागी गोळीबार केला की इशारा द्यायचा आणि दहा सेकंदांनी बाहेर काढायचं. टायमरला खेळाडूचा आयडी दिला होता. महिन्यातून दोन-तीनदा नवीन लोकांची तक्रार यायची: आत आलो, काहीच केलं नाही, लगेच बाहेर फेकला गेलो.

मी एकट्याने तपासायचो तेव्हा काहीच व्हायचं नाही. होणारही नव्हतं, कारण या बगाला दोन माणसं लागतात. लॉगमध्ये वेळ आणि आयडी शेजारी शेजारी छापले तेव्हा उलगडा झाला. आयडी ७ च्या खेळाडूला इशारा मिळाला. तो चौथ्या सेकंदाला स्वतःच निघून गेला. आठव्या सेकंदाला दुसरा कोणी आत आला आणि रिकामा झालेला ७ त्याला मिळाला. दहाव्या सेकंदाला टायमर वाजला, ७ जोडलेला आहे का हे बघितलं, आहे असं दिसलं, आणि त्याला बाहेर काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. बिचाऱ्या नवीन माणसाला याचं काय उत्तर देणार! आम्ही महिनोन्महिने त्यांना "इंटरनेट तपासा" असं सांगत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

"खेळाडू जोडलेला आहे का" ही तपासणी होती, पण अपुरी होती. विचारायला हवं होतं की हा तोच खेळाडू आहे का. आयडी ही जागेची खूण असते, माणसाची नाही. उपाय दोन केले. खेळाडू गेल्याच्या कॉलबॅकमध्ये (तो गेला की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) त्याचे सगळे टायमर मारायचे. आणि प्रत्येक जागेसाठी एक आकडा ठेवायचा, जो नवीन माणूस आला की एकने वाढतो; टायमरला आयडीबरोबर तो आकडाही द्यायचा आणि वाजल्यावर जुळवून बघायचा. वरचं टोकनच हे, फक्त खेळाडूच्या जागी खुर्चीवर लावलेलं.

गॅरीज मॉडमध्ये एन्टइंडेक्स (जागेचा क्रमांक) असाच पुन्हा वापरला जातो, तर युजरआयडी दर जोडणीला नवीन मिळतो. टायमरच्या नावाला युजरआयडी जोडा. रोब्लॉक्समध्ये खेळाडू तोच राहतो पण कॅरेक्टर, म्हणजे त्याचं खेळातलं शरीर, रिस्पॉनला (मेल्यावर पुन्हा येताना) बदलतं. टायमरच्या आत प्लेअर.कॅरेक्टर नव्याने वाचलंत तर मेलेल्या शरीरावरची शिक्षा नव्या शरीराला बसते. आधी धरून ठेवलेलं कॅरेक्टर वापरलंत तर ती आता जगात नसलेल्या मॉडेलवर चालते. दोन्हीपैकी काय हवंय हे आधी ठरवा, कारण कधी एक बरोबर असतं, कधी दुसरं. विषाचा परिणाम शरीराचा, नियमभंगाची शिक्षा माणसाची.

पॉनमधली आणखी एक गोष्ट जाता जाता: सेटटायमरला फंक्शनचं नाव मजकूर म्हणून दिलं जातं, म्हणून ते फंक्शन पब्लिक असावंच लागतं. नसेल तर टायमर नुसता गप्प राहतो.

टायमर वाजतच नाही

इथे बहुतेक वेळा टायमरचा मालक आधीच गेलेला असतो. शत्रू मरतो, त्याच्या स्क्रिप्टमध्ये कोरूटीन सुरू होते, "दोन सेकंद थांब, मग गुण दे", आणि लगेच पुढच्या ओळीत शत्रू स्वतःला डिस्ट्रॉय करतो. युनिटीत कोरूटीन ज्या ऑब्जेक्टवर सुरू झाली त्याच्याबरोबरच ती संपते. गुण कधीच मिळत नाहीत. ऑब्जेक्ट सेटॲक्टिव्हने बंद केला तरी तेच, आणि पुन्हा चालू केल्यावर ती आपोआप परत सुरू होत नाही. मात्र नुसता कंपोनंट बंद केला तर कोरूटीन चालूच राहते. इन्व्होक (उशिरा चालवायची युनिटीची दुसरी सोय) तर ऑब्जेक्ट बंद असला तरी वाजतो. एकाच इंजिनात तीन वागणुकी असल्याने लोक गोंधळतात, यात त्यांचा दोष नाही.

काम शत्रूपेक्षा जास्त जगायला हवं असेल तर ते शत्रूच्या हाती देऊ नका. गुण, फेरीची सांगता, रिस्पॉन यांचे टायमर मॅनेजरवर लावा, जो फेरीभर टिकतो. अंगाला चिकटलेल्या गोष्टी, चमक, ढाल, विष, त्या अंगावरच लावा, म्हणजे अंग गेलं की त्याही जातील.

याच्या उलट टोक म्हणजे टास्क.डिलेवर (रोब्लॉक्सच्या नव्हे, त्याच नावाच्या दुसऱ्या) चालणारे सी-शार्पचे असिंक फंक्शन. त्याला युनिटीच्या ऑब्जेक्टशी काही देणंघेणं नसतं. ऑब्जेक्ट डिस्ट्रॉय झाला तरी ते पुढे जातं आणि मिसिंगरेफरन्सएक्सेप्शन, म्हणजे नसलेल्या वस्तूला हात लावल्याची एरर देतं. एडिटरमध्ये प्ले थांबवल्यावरही चालू राहू शकतं. त्याला कॅन्सलेशन टोकन (काम मधेच थांबवायची खूण, वरच्या आकड्याच्या टोकनाहून वेगळी) द्या. अनरियलमध्ये लॅम्डात (टायमरला दिलेल्या निनावी फंक्शनमध्ये) उघडा धिस, म्हणजे ऑब्जेक्टचा थेट पत्ता, पकडू नका, वीक पॉइंटर (ऑब्जेक्ट गेला की ते कळू देणारा पत्ता) घ्या आणि आत गेल्यावर तो जिवंत आहे का बघा. गोदोत अवेट नंतरच्या ओळीत दुसऱ्या नोडला हात लावण्याआधी तो शिल्लक आहे का हे इज_इन्स्टन्स_व्हॅलिडने बघा.

वाजत नाही म्हणताना कधी तो ताबडतोब वाजलेला असतो. उशिरा(५, स्फोट()) असं लिहिलं की कंसामुळे स्फोट तिथल्या तिथे होतो आणि त्याचं उत्तर टायमरकडे जातं. फंक्शनचं नाव द्या, कॉल नको. रोब्लॉक्समध्ये याला बहुधा एरर येते, ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउट काही बोलत नाही. एककंही बघून घ्या: जावास्क्रिप्ट आणि पॉनमध्ये मिलिसेकंद, रोब्लॉक्स, युनिटी, गोदो, अनरियलमध्ये सेकंद, माइनक्राफ्टच्या बुक्किट शेड्युलरमध्ये टिक, आणि २० टिक म्हणजे एक सेकंद.

पॉजमध्ये चालणारे आणि पॉजमध्ये अडकणारे

युनिटीत टाइमस्केल (खेळातल्या वेळेचा वेग) शून्य करून पॉज केला की वेटफॉरसेकंड्स गोठतो. पॉज मेनूचं ॲनिमेशन त्यावर असेल तर मेनू अर्ध्यात लटकतो. तिथे वेटफॉरसेकंड्सरिअलटाइम वापरा. गोदो ४ मध्ये उलटं फसायला होतं: क्रिएट_टायमरचा प्रोसेस_ऑलवेज मुळात चालू असतो, म्हणजे गेम पॉज असतानाही मोजणी चालते. खेळाडू पॉज करून उठून जातो, परत येतो, आणि बॉम्ब फुटलेला असतो. दुसरा आर्ग्युमेंट फॉल्स द्या.

ब्राउझर गेममध्ये टॅब मागे गेला की टायमर सेकंदाला एकदाच वाजतात. क्रोमने ८८ व्या आवृत्तीपासून पाच मिनिटांहून जास्त मागे राहिलेल्या टॅबमधले साखळीने लागणारे टायमर काही अटींवर मिनिटाला एकदाच चालवायला सुरुवात केली. "दर वाजण्याला एक नाणं" असा हिशोब तिथे कोसळतो. परत आल्यावर घड्याळातला फरक काढून नाणी द्या.

फार छोटे टायमर

दर ०.०५ सेकंदाला नुकसान करणारी आग म्हणजे सेकंदाला २० वेळा, असं आपण धरतो. पण टायमर फ्रेमच्या सीमेवरच वाजतो. सेकंदाला ३० फ्रेमवर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ५० मिलिसेकंद दुसऱ्या फ्रेमला, म्हणजे ६६.७ ला पूर्ण होतात. मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू केली तर सेकंदाला १५ वेळाच. १४४ फ्रेमवर आठव्या फ्रेमला, म्हणजे १८ वेळा. एकच आग दोन मशिनांवर वेगवेगळी भाजते. मोजणी शून्य करू नका, त्यातून ०.०५ वजा करा आणि उरलेलं पुढे न्या. एका फ्रेममध्ये दोन हप्ते बसत असतील तर दोन्ही द्या. गोदोच्या कागदपत्रांतही ०.०५ च्या खालच्या टायमर नोडबद्दल हीच ताकीद आहे.

आणि दोन तासांनी दुप्पट होणारे शत्रू? फेरी सुरू करणारं फंक्शन दर फेरीला नवीन पुनरावर्ती टायमर लावतं आणि जुना कोणी थांबवत नाही. लावणारी ओळ सापडली की थांबवणारी ओळ शोधा. नसेल तर तोच बग.

तपासायची पद्धत

प्रत्येक टायमरला दोन लॉग द्या, एक लावताना, एक वाजताना. दोन्हींत वेळ, टोकन आणि खेळाडूची खरी ओळख छापा. लावल्याच्या ओळी आणि वाजल्याच्या ओळी मोजा. जास्त वाजले तर कुठेतरी पुनरावृत्ती चालू आहे, कमी वाजले तर मालक मेले.

मग विलंब दहापट करा. पाचाचे पन्नास. पाच सेकंदांत जे योगायोगाने घडतं ते पन्नास सेकंदांत हाताने घडवता येतं. टायमर लावा आणि मरा. पुन्हा लावा आणि सर्व्हर सोडून परत या. दुसरा पॉवरअप उचला. पॉज करा. लेव्हल बदला. दोन खेळाडू लागत असतील तर दुसरी विंडो उघडा आणि पहिल्याची जागा दुसऱ्याला मिळेल असं मुद्दाम करा. आम्ही हे केलं असतं तर आयडी ७ चा बग पहिल्याच दुपारी सापडला असता.